विजेची गाडी, महामार्ग आणि चालक-साहाय्य: ताबा परत घेण्याचा क्षण कसा तपासावा?

मैलदगड

महामार्गावर विजेच्या गाडीतील चालक-साहाय्य यंत्रणा, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'एडास' म्हणतो ती, गेले काही महिने नेमाने वापरतो आहे. या विषयावरच्या बहुतेक परीक्षणांत गाडी आपली आपण किती सफाईने चालते याचेच कौतुक असते. माझ्या मते ती बाब दुय्यम आहे, कारण मोकळ्या आणि नीट आखलेल्या रस्त्यावर आता बहुतेक गाड्या बऱ्या चालतात. खरी परीक्षा होते ती यंत्रणा ताबा सोडते तेव्हा, किंवा आपण तो तिच्याकडून काढून घेतो तेव्हा, आणि विजेच्या गाडीत हा क्षण पेट्रोल-डिझेलच्या गाडीपेक्षा बराच वेगळा असतो. त्याबद्दलची निरीक्षणे येथे मांडतो. इतरांचे अनुभवही वाचायला आवडतील. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव आले की चर्चा त्या कंपनीच्या बाजूची आणि विरुद्धची अशी फाटते.

एडास या एकाच नावाखाली निरनिराळी कामे चालतात आणि ती मनात वेगळी ठेवणे आवश्यक आहे. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल फक्त वेग आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर सांभाळतो. लेन सेंटरिंग स्टिअरिंगला सतत हलका जोर देऊन गाडी लेनच्या मध्यावर ठेवते. लेन कीप असिस्ट मध्यावर ठेवत नाही. गाडी रेषेला टेकू लागली की तेवढ्यापुरती आत ढकलते. ज्यांच्या गाडीत हीच सोय आहे, त्यांपैकी काही जण तिलाच लेन सेंटरिंग समजून हात सैल सोडतात आणि मग गाडी एका रेषेकडून दुसऱ्या रेषेकडे झोकांड्या खात जाते. ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग या सर्वांपासून स्वतंत्र असते, बाकीचे बंद असतानाही जागे असते आणि टक्कर जवळजवळ अटळ दिसेपर्यंत गप्प बसते.

आता विजेच्या गाडीच्या खास मुद्द्याकडे येतो. क्रूझ सुरू असताना उजवा पाय मोकळा असतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही याचा अर्थ क्रूझ बंद होताच गाडीच्या लेखी 'पाय पूर्ण उचलला आहे' असा होतो. पेट्रोलच्या गाडीत अशा वेळी इंजिनाच्या ओढीने वेग सावकाश उतरतो. विजेच्या गाडीत रीजन, म्हणजे मोटरने वीज परत निर्माण करत वेग कमी करण्याची सोय, जोरदार पातळीवर लावलेली असेल तर गाडी तत्काळ आणि चांगलीच मंदावते. काही गाड्यांत दर सेकंदाला ताशी ७ किलोमीटरच्या आसपास वेग उतरतो. मागे चिकटून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला पुढे मोकळा रस्ता दिसत असतो आणि आपली गाडी मात्र अकारण आकसते.

यावर मी पुढील पद्धत बसवली आहे. क्रूझ काढण्याआधी पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून तो हळूहळू दाबत जायचा. सुरुवातीला पेडल खाली जाते, पण गाडीत काहीही फरक पडत नाही, कारण क्रूझ जेवढी शक्ती मागत आहे तेवढी आपण अजून मागितलेली नसते. पॉवर मीटरचा काटा जागेवरच राहतो. मग एका बिंदूपाशी काटा केसभर वर सरकतो आणि पाठीला किंचित ढकल जाणवते. त्याच क्षणी अंगठ्याने रद्द करण्याचे बटण दाबायचे. वेग जसाच्या तसा राहतो आणि शेजारी बसलेल्याला काही बदलले आहे हे कळतही नाही. ब्रेक दाबून क्रूझ काढण्याची सवय असलेल्यांनी ही पद्धत मोकळ्या रस्त्यावर अवश्य करून पाहावी. एक सावधगिरी मात्र ठेवावी: पेडल दाबून धरलेले असेपर्यंत बहुतेक गाड्यांत क्रूझ पुढच्या गाडीसाठी ब्रेक लावत नाही. म्हणजे त्या दोन-तीन क्षणांत अंतर सांभाळण्याची जबाबदारी आपली.

दुसरी जागा म्हणजे महामार्ग सोडण्याची. ताशी १०० चा वेग ठरवून दिलेला आहे, पण पुढच्या ट्रकमुळे गाडी ७० ने चालली आहे, अशा वेळी आपण बाहेर पडणाऱ्या लेनमध्ये वळलो की ट्रक समोरून नाहीसा होतो आणि क्रूझला रस्ता मोकळा दिसतो. मग नेमक्या वळणावर गाडी १०० कडे झेपावते, आणि विजेची मोटर आपला जोर लगेच देत असल्याने ही झेप जोरकस असते. नकाशा वाचून वळणाआधी वेग उतरवणाऱ्या गाड्या आहेत, परंतु त्यांवरही विसंबू नये. बाहेर पडण्याच्या लेनसाठी इंडिकेटर देण्याआधीच क्रूझ काढणे हा मला एकमेव खात्रीचा उपाय वाटतो.

तिसरी गोष्ट लेन सेंटरिंगच्या मौनाची. रेषा पुसट झाली, दुभाजकाची सावली रेषेवर पडली किंवा रस्त्याच्या दुरुस्तीत जुन्या आणि नव्या रेषा एकमेकींना छेदू लागल्या की लेन सेंटरिंग सुटते, पण क्रूझ चालूच राहतो. पडद्यावरचे छोटेसे हिरवे चिन्ह करडे होते, एवढाच काय तो फरक. वेग कायम असल्यामुळे यंत्रणा काम करत आहे अशी भावना टिकून राहते, आणि स्टिअरिंग मात्र कोणाच्याच हातात नसते. तुमच्या गाडीत हा बदल आवाजाने कळतो का, की फक्त चिन्हाने, आणि आवाजाने कळत असल्यास तो इंडिकेटरच्या किंवा सीटबेल्टच्या आवाजाहून वेगळा ओळखता येतो का, हे प्रत्येकाने लिहावे अशी विनंती.

उताररस्ता

लेख आवडला. क्रूझ काढण्याची पद्धत माझ्याकडे थोडी वेगळी आहे. मी महामार्गावर रीजन सर्वांत कमी पातळीवर ठेवतो. क्रूझ सुरू असताना वेग कमी करण्यासाठी गाडी स्वतः लागेल तेवढे रीजन वापरतेच. आपण निवडलेल्या पातळीचा तिच्या त्या निर्णयाशी निदान माझ्या गाडीत तरी संबंध दिसत नाही. त्यामुळे क्रूझ काढला तरी गाडी जवळजवळ मोकळी वाहत राहते आणि पाय सावकाश जागेवर आणता येतो. शहरात शिरल्यावर पातळी पुन्हा वाढवतो.

अर्थात, एका पेडलवर गाडी चालवण्याची सवय पक्की झालेल्यांना हे अवघड जाईल. त्यांचा पाय गाडी थांबवण्यासाठी ब्रेककडे जाण्याऐवजी केवळ वर उचलला जातो, आणि क्रूझ सुरू असताना पाय आधीच वर असतो, मग थांबवण्यासाठी तो आणखी कोठे उचलणार? हा गोंधळ मला स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखा वाटतो. एक शंकाही आहे: क्रूझ रीजनने वेग उतरवतो तेव्हा मागचे ब्रेकचे दिवे लागतात का?

नियमपोथी

उताररस्ता यांच्या शंकेबाबत: संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे वाहननियम जेथे लागू आहेत तेथे याचे उत्तर स्पष्ट आहे. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकविषयीच्या १३-एच या नियमानुसार, पाय उचलल्यावर लागणाऱ्या रीजनने वेगातील घट ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग किंवा त्याहून कमी असेल तर दिवे लागता कामा नयेत, १.३ च्या वर गेली की लागलेच पाहिजेत, आणि मधल्या पट्ट्यात निर्णय उत्पादकाचा. म्हणजे मैलदगड यांनी वर्णन केलेल्या जोरदार रीजनमध्ये दिवे लागायला हवेत. अंधारात मागच्या एखाद्या फलकावर किंवा उभ्या वाहनावर पडणारा लाल उजेड आरशात पाहून खात्री करता येते. बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावरील छोट्या चित्रातही दिवे लागलेले दिसतात.

रडारपट्टा

वाहनांच्या सेन्सरशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून एका मुद्द्याची भर घालतो, जो या धाग्यात लवकर यायला हवा होता: उभे वाहन.

गाडीच्या पुढच्या भागातील रडार साधारणपणे ७७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. समोरच्या वस्तूचे अंतर आणि तिचा आपल्याशी असलेला सापेक्ष वेग या दोन गोष्टी ते फार अचूक सांगते. ती वस्तू नेमकी काय आहे आणि किती उंचीवर आहे, हे सांगण्यात मात्र साधे रडार कच्चे असते. रस्त्यावरील कमान, दिशाफलक, पुलाचा कठडा, सांडलेला पत्रा आणि लेनमध्ये बंद पडलेला ट्रक, या सगळ्यांचा जमिनीशी असलेला वेग शून्यच असतो. प्रत्येक स्थिर प्रतिध्वनीला घाबरून ब्रेक लावला तर गाडी दर कमानीखाली थांबेल, म्हणून अनेक यंत्रणांत स्थिर वस्तूंना, त्या आधी हलताना दिसलेल्या नसतील तर, फारच कमी वजन दिले जाते आणि खातरजमा कॅमेऱ्याकडून करून घेतली जाते. ही खातरजमा होईपर्यंत अंतर सरलेले असते.

सर्वांत वाईट प्रसंग असा: आपण एका ट्रकच्या मागे क्रूझवर आहोत, ट्रकचालकाला पुढे बंद पडलेली गाडी दिसते आणि तो ऐनवेळी लेन बदलतो. आपल्या यंत्रणेला ती गाडी प्रथमच दिसते, तीही उभी आणि अगदी जवळ. आता गणित पाहा. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. दोन सेकंदांचे अंतर ठेवले असेल तर आपण ट्रकच्या मागे सुमारे ५६ मीटरवर आहोत. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझसाठीच्या आयएसओ १५६२२ या मानकात जास्त वेगातील ब्रेकची मर्यादा ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, कारण ती आरामासाठीची सोय आहे. त्या दराने १०० वरून शून्यावर यायला सुमारे ११० मीटर लागतात, आणि १२० वरून जवळपास १६० मीटर. म्हणजे इमर्जन्सी ब्रेकिंग वेळेवर जागे झाले नाही तर क्रूझ एकट्याने हे निभावूच शकत नाही, त्याचा काहीही दोष नसतानाही.

त्यामुळे माझा आग्रह असा की अंतराची निवड नेहमी सर्वांत लांबवर ठेवावी आणि नजर पुढच्या वाहनाच्या पुढच्या वाहनावर असावी. समोर उंच ट्रक असल्यामुळे पलीकडचे काहीच दिसत नसेल, तर त्याच्या मागे क्रूझवर राहू नये. काही यंत्रणांचे रडार पुढच्या वाहनाच्या खालून परावर्तित होणाऱ्या लहरींवरून त्यापुढचे वाहनही टिपते, परंतु आपल्या गाडीत ही सोय आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

साशंक

रडारपट्टा यांचे गणित वाचल्यावर माझे मत अधिकच पक्के झाले. क्रूझ मी मान्य करतो. लेन सेंटरिंग मी वापरत नाही आणि कुटुंबातील कोणाला वापरू देत नाही. कारण तांत्रिक नाही, मानवी आहे. सतत काम करणाऱ्या माणसाचे लक्ष टिकते. दुसऱ्याच्या कामावर केवळ देखरेख करणाऱ्याचे टिकत नाही. रडारच्या पडद्यावर तासन् तास नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या निमित्ताने नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये हे प्रयोगाने दाखवले होते. घड्याळासारख्या तबकडीवरील काटा क्वचित एकदम दोन घरे उडी घेई, आणि ती उडी टिपायची एवढेच काम होते. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. महामार्गावर लेन सेंटरिंग लावून बसलेला चालक त्या तबकडीसमोरच बसलेला असतो. फरक एवढाच की येथे निसटलेल्या उडीची किंमत वेगळी असते.

त्यातून विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नाही, कंप नाही, गिअरची हालचाल नाही. झोपेला यापेक्षा अधिक पोषक जागा शोधूनही सापडणार नाही.

दूरचा_पल्ला

साशंक यांच्याशी अर्धा सहमत. मी लांब पल्ल्याचा प्रवास वारंवार करते आणि लेन सेंटरिंगचा मला उपयोग होतो, पण तो विश्रांतीसाठी नाही. बाजूच्या वाऱ्यात किंवा सलग काही तासांच्या सरळ रस्त्यावर खांदे आणि मनगटे यांना जे बारीकसारीक, अखंड काम पडते ते कमी होते आणि दिवसाअखेरीस मान आखडत नाही. हात मात्र स्टिअरिंगवरच राहतात. यंत्रणा वळवते आहे आणि माझा हात तिच्यासोबत फिरतो आहे, असे मी वापरते. ती चुकीच्या दिशेला ओढू लागली तर ते डोळ्यांआधी तळहाताला कळते.

आणि गाड्यागाड्यांमध्ये याच बाबतीत मोठा फरक आहे. काही गाड्यांत चालकाने स्टिअरिंग थोडे वळवले तर यंत्रणा नमते घेते, खड्डा चुकवू देते आणि मग पुन्हा सावकाश कामाला लागते. काही गाड्यांत ती आधी विरोध करते, मग एका झटक्यासरशी सुटते आणि सुटल्यावर हातातला जोर अचानक जास्त ठरून गाडी बाजूला फेकली जाते. गाडी घेण्याआधी चाचणीसाठी नेली असता मी सर्वप्रथम हेच पाहते. मोकळा रस्ता आणि बेताचा वेग असताना यंत्रणेच्या विरुद्ध दोन बोटे स्टिअरिंग ओढायचे आणि ती भांडते की ऐकते ते पाहायचे. भांडणारी यंत्रणा मी घेणार नाही, मग ती बाकी कितीही सुरेख असो.

झोपेबाबत मला असे दिसते की विजेच्या गाडीत चार्जिंगसाठी थांबावेच लागते आणि सक्तीची ती विश्रांती बरीच कामी येते. मात्र पल्ला मोठा असलेल्या गाड्यांत हे कारण उरत नाही.

मैलदगड

साशंक, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मला एवढेच दिसते की लेन सेंटरिंग सुरू असताना मी पडद्याकडे अधिक वेळा पाहतो, ती चालू आहे ना याची खात्री करण्यासाठी. म्हणजे जी सोय रस्त्यावर लक्ष ठेवण्यासाठी मोकळीक देणार होती, ती थोडे लक्ष स्वतःकडेच ओढून घेते. काचेवर प्रतिमा पाडणारा डिस्प्ले असलेल्या गाडीत हा त्रास कमी व्हावा. दूरचा_पल्ला यांची दोन बोटांची चाचणी फार उपयुक्त आहे. विक्रेत्याकडील चाचणीत हे कोणीही दाखवत नाही.

आकडेमोड

विषय थोडा बदलतो, पण धाग्यातच आहे: क्रूझमुळे वीज वाचते की जास्त लागते?

सपाट रस्त्यावर ठरलेल्या वेगाने जाताना क्रूझ आणि आपला पाय या दोहोंत फारसा फरक पडण्याचे कारण नाही, कारण महामार्गावर मोठा वाटा हवेच्या विरोधाचा असतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून १२० वर गेल्यास दर किलोमीटरला हवेशी झगडण्यासाठी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. क्रूझ कोणाचाही असो, हे टळत नाही. फरक पडतो तो रहदारीत आणि चढउतारावर. वेग अचूक राखण्याच्या हट्टापायी क्रूझ चढावर भरपूर शक्ती लावतो आणि उतारावर रीजनने वेग दाबून धरतो. सरावलेला चालक चढावर वेग किंचित उतरू देतो आणि उतारावर तो परत मिळवतो. रीजनमधून परत आलेली वीज बॅटरीत जाऊन पुन्हा चाकांपर्यंत येईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते, त्यामुळे ऊर्जा वेगाच्या रूपातच राखून ठेवणे केव्हाही स्वस्त पडते.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर सर्वांत कमी ठेवले तर पुढच्याच्या प्रत्येक बारीक हालचालीला आपली गाडी प्रतिसाद देते: थोडे रीजन, थोडा जोर, पुन्हा रीजन. अंतर लांब ठेवल्यास हे चढउतार गुळगुळीत होतात. म्हणजे रडारपट्टा यांनी सुरक्षिततेसाठी सांगितलेली निवडच बॅटरीसाठीही बरी. ट्रकच्या मागे चिकटून हवेचा विरोध वाचवण्याची कल्पना काही जण मांडतात, पण वरचे ५६ मीटरचे गणित वाचल्यावर ती येथे कोणी मांडणार नाही अशी आशा आहे.

आणखी एक बाब. बॅटरी पूर्ण भरलेली असताना किंवा अतिशय थंड असताना रीजन मर्यादित होते, कारण वीज ठेवायला जागा नसते किंवा ती घेण्याची बॅटरीची क्षमता कमी असते. अशा वेळी बऱ्याच गाड्या चाकांचे ब्रेक आपोआप मिसळून ती उणीव भरून काढतात. काही भरून काढत नाहीत. तेव्हा पूर्ण चार्ज करून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर पाय उचलल्यास गाडी नेहमीपेक्षा कमी मंदावते. क्रूझचे अंतर राखणे मात्र यामुळे बिघडू नये, कारण त्याला चाकांचे ब्रेक वापरण्याची मुभा असते.

पहिलाच_हायवे

मला परवाना मिळून फार काळ झालेला नाही आणि घरातील विजेच्या गाडीत यातील जवळजवळ सर्व सोयी आहेत. वडील म्हणतात, आधी सगळे बंद ठेवून शीक. भाऊ म्हणतो, सोयी आहेत तर वापर. पावसात आणि रात्री यावर किती विसंबावे, याबद्दलही कोणी लिहाल का?

दूरचा_पल्ला

वडिलांचे ऐकावे, पण एक अपवाद करून: इमर्जन्सी ब्रेकिंग आणि ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या वाहनाचा, इशारा कधीही बंद करू नये. ते शिकण्याच्या आड येत नाहीत. क्रूझ नंतर, सवयीचा रस्ता असताना, दिवसा आणि तुरळक रहदारीत सुरू करा. आधी फक्त रद्द करण्याचा सराव करा: नुसत्या बटणाने, ब्रेकने, आणि मैलदगड यांच्या पद्धतीने पेडल दाबून मग बटणाने. कोठे बोट जाते हे न पाहता यायला लागल्यावरच पुढचे. लेन सेंटरिंग सर्वांत शेवटी.

पावसात दोन वेगळ्या अडचणी असतात. रडार पावसातून बऱ्यापैकी पाहते, पण बंपरवर किंवा बोधचिन्हावर, ज्यामागे ते बसवलेले असते, चिखलाचा थर साचला तर आंधळे होते. कॅमेऱ्याचे उलट आहे. तो काचेच्या आत, वायपरच्या टापूत असल्याने स्वच्छ राहतो, पण ओल्या रस्त्यावर समोरच्या दिव्यांचे प्रतिबिंब आणि रंगवलेली रेषा यांत त्याची फसगत होते. डांबराने बुजवलेल्या लांब भेगा रात्री पाण्यात चमकतात आणि रेषेसारख्याच दिसतात. मावळतीचा सूर्य थेट समोर असताना कॅमेऱ्याची अवस्था आपल्यासारखीच होते. माझा नियम सोपा आहे: मला स्वतःला रेषा शोधावी लागत असेल तर लेन सेंटरिंग बंद. आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर क्रूझही बंद, कारण चाके तरंगू लागल्यावर शक्ती कमी करण्याचा निर्णय मला स्वतःच्या पायाने घ्यायचा असतो.

फलक वाचून वेगमर्यादा ठरवणारी सोय क्रूझशी जोडलेली असेल तर ती सुरुवातीला तोडून ठेवा. बाहेर पडणाऱ्या रस्त्याचा फलक किंवा ट्रकच्या पाठीवर चिकटवलेला त्याचा स्वतःचा वेग-आकडा वाचून गाडी भर महामार्गावर वेग उतरवू लागते.

साशंक

शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. भावाला हा धागा वाचायला द्यावा.

नियमपोथी

जबाबदारीविषयी थोडे लिहितो, कारण येथे आतापर्यंत ज्या सोयींची चर्चा झाली त्या सर्व एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये प्रथम मांडलेल्या शून्य ते पाच या पायऱ्यांत फार तर दुसऱ्या पायरीवर येतात. वेग आणि दिशा दोन्ही यंत्रणा सांभाळत असली तरी दुसऱ्या पायरीवर चालक हा चालकच असतो. हात सोडण्याची परवानगी देणाऱ्या काही यंत्रणाही याच पायरीवर आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते; हात सुटतात, जबाबदारी सुटत नाही.

तिसऱ्या पायरीवर यंत्रणा सुरू असेपर्यंत नजर हटवता येते, पण बोलावल्यावर ताबा घ्यावा लागतो. होंडाने जपानमध्ये मार्च २०२१ मध्ये अशी गाडी मोजक्या संख्येने आणली आणि मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत. दोन्ही ठिकाणी मुळात महामार्गावरील संथ कोंडीपुरती ही सोय होती. संयुक्त राष्ट्रांच्या १५७ क्रमांकाच्या नियमात सुरुवातीला ताशी ६० ची मर्यादा होती. २०२३ पासून तो नियम १३० पर्यंत मुभा देतो. दुसऱ्या पायरीसाठी १७१ क्रमांकाचा वेगळा नियम सप्टेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यात चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे की नाही यावर देखरेख करण्याला मोठे स्थान आहे.

याच देखरेखीवर अमेरिकेतील आयआयएचएस या विमाकंपन्यांच्या संस्थेने मार्च २०२४ मध्ये १४ यंत्रणा तपासल्या. ११ यंत्रणांना 'निकृष्ट' ही श्रेणी मिळाली आणि फक्त एक 'स्वीकारार्ह' ठरली. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत ऑटोपायलट ही चालक-साहाय्य यंत्रणा असलेल्या २० लाखांहून अधिक गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोषदुरुस्तीची मोहीम, जाहीर केला. तेथील नियामकाचा आक्षेप गाडी कशी चालते यावर नव्हता. चालकाने गैरवापर करू नये यासाठीची व्यवस्था अपुरी आहे, असा होता. मैलदगड यांचा मूळ मुद्दा यामुळे अधिकच ठळक होतो असे मला वाटते.

रडारपट्टा

देखरेखीचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतला आपल्या गाडीत कोणता हे ठाऊक असावे. स्टिअरिंगवरचा पीळ मोजणाऱ्या गाडीत दोन्ही हात समतोल धरले तर पीळ शून्य येतो आणि हात असूनही 'हात ठेवा' अशी ओरड होते. त्यावर एक हात थोडा खाली, किंचित वजन देऊन ठेवणे एवढा उपाय पुरतो. स्पर्श ओळखणाऱ्या स्टिअरिंगमध्ये ही ओरड नसते, पण जाड हातमोज्यांनी ते फसते. तिसरा प्रकार चालकाच्या चेहऱ्याकडे रोखलेला अवरक्त कॅमेरा. तो अंधारातही नजर कोठे आहे हे पाहतो आणि तिन्हींत तोच अर्थपूर्ण आहे, कारण हात जागेवर असून डोळे फोनमध्ये असू शकतात. काही गॉगल अवरक्त किरण अडवतात. तेव्हा गॉगल बदलावा, कॅमेरा बंद करू नये. स्टिअरिंगला वजन बांधून यंत्रणेला चकवणाऱ्यांबद्दल काही लिहीत नाही.

काचबदल

उशिरा आलो. अलीकडे गाडीची पुढची काच बदलावी लागली. तेव्हापासून लेन सेंटरिंग गाडीला डाव्या रेषेच्या अंमळ जवळून नेते. कोणताही इशारा येत नाही. बसवणाऱ्याने 'सवय होईल' असे सांगितले. हे खरे आहे का?

रडारपट्टा

खरे नाही. कॅमेरा काचेला टेकून बसवलेला असतो आणि काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा गाडीशी पुन्हा अचूक जुळवणे, करावेच लागते. कॅमेऱ्याचा कोन एका अंशाने जरी फिरला तरी ५० मीटरवरील रेषा त्याला जवळजवळ ९० सेंटिमीटर सरकलेली दिसते. काही गाड्यांचे कॅलिब्रेशन नक्षीचा फलक समोर ठेवून कार्यशाळेत होते, काहींचे ठरावीक वेगाने स्पष्ट रेषांच्या रस्त्यावर गाडी चालवून, आणि काहींना दोन्ही लागतात. इशारा येत नाही, कारण कॅमेऱ्याच्या दृष्टीने सर्व काही ठीक आहे; फक्त त्याचे 'सरळ' आता गाडीच्या 'सरळ'शी जुळत नाही.

तोवर लेन सेंटरिंग बंद ठेवा. इमर्जन्सी ब्रेकिंगही याच कॅमेऱ्यावर अवलंबून असल्याने हे काम पुढे ढकलू नका, आणि केलेल्या कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागून घ्या. चाकांचे अलाइनमेंट किंवा पुढच्या बंपरची दुरुस्ती झाली असेल तर तेही त्यांना आधी सांगा. रडार त्या बंपरमागेच असते.

काचबदल

धन्यवाद. बंपरही त्याच वेळी उतरवला होता. उद्या गाडी परत नेतो आणि अहवाल मिळाल्यावर येथे लिहितो.